भिंतीवरचे मॉस खरवडून हवेतले शिसे कळेल का?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका सोसायटीतील गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या मागच्या कुंपणभिंतीवर दर पावसाळ्यात हिरवेगार शेवाळ धरते. भिंतीपलीकडे धातू वितळवणारी आणि मुलामा देणारी लहान-लहान वर्कशॉप आहेत. परदेशात शेवाळावरून हवेतील जड धातू मोजतात, असे त्यांनी वाचले आहे. तेव्हा हे शेवाळ खरवडून प्रयोगशाळेत दिले, तर घरातल्या चार वर्षांच्या नातीच्या श्वासावाटे शिसे आणि कॅडमियम किती जाते, ते समजेल का?

या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत आणि ते आधी वेगळे करून घेतले पाहिजेत. भिंतीपलीकडून काही धातू इकडे येतात का, आणि येत असतील तर साधारण कोणत्या बाजूने, हा पहिला. नातीच्या शरीरात किती जातात, हा दुसरा. गेली बावीस वर्षे मी पुणे परिसरात मॉस (म्हणजे भिंतीवरचे हे शेवाळ) आणि दगडफुले यांतील धातू मोजण्याचे काम करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की पहिल्या प्रश्नाचे बऱ्यापैकी भरवशाचे उत्तर मॉसकडून मिळू शकते, मात्र भिंतीवरून खरवडलेल्या मॉसकडून नव्हे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणतेच मॉस देणार नाही.

म्हणून नातीचा विषय आधी संपवू. शिशाची काळजी असेल तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने तिच्या रक्तातील शिसे तपासून घ्यावे, आणि नमुना शिरेतून घेतलेला असावा, कारण बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शनानुसार दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो बंद करावा लागतो. हा उगम हवेतच असेल असे नाही. वर्कशॉपमधून घरी येणारे कामाचे कपडे, खिडकीच्या गजांवरचा पोपडे धरलेला जुना ऑइलपेंट, डोळ्यांत घालायचा सुरमा, भेसळीची हळद, आणि या सगळ्यांची फरशीवर साठणारी व मुलांच्या बोटांवाटे तोंडात जाणारी धूळ, हे मार्ग लहान मुलांच्या बाबतीत श्वासाइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक महत्त्वाचे ठरतात. घरगुती रंगांमधील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; त्याआधी रंगवलेल्या गजांकडे जरा संशयानेच पाहावे. ही तपासणी मॉसच्या निकालासाठी थांबवून ठेवू नये.

आता मॉसकडे वळू. आपण मराठीत शेवाळ हा शब्द सरसकट वापरतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. हौदात किंवा डबक्यात तरंगते ते शेवाळ वेगळे. भिंतीवर, कौलांवर, विहिरीच्या कठड्यावर मखमलीसारखी चढते ती मॉस नावाची वनस्पती; तिला दांडा असतो, बारीक पाने असतात. गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल तिसरेच, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. धातू तिन्हींमध्ये साठतात, पण वेगवेगळ्या रीतीने आणि वेगवेगळ्या वेगाने. माझ्याकडे ‘शेवाळाचा नमुना’ म्हणून आलेल्या एका पिशवीत हे तिन्ही एकत्र होते आणि वर थोडा चुनाही होता. अशा नमुन्यातून यंत्र आकडा देते, परंतु तो कशाचा आकडा आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

मॉसचा उपयोग होतो तो त्याच्या उणिवांमुळे. त्याला खरी मुळे नसतात, त्यामुळे मोठ्या झाडांप्रमाणे ते जमिनीतून आपले पोषण ओढून घेत नाही. पाऊस, दव आणि हवेतून पडणारी धूळ यांवरच ते मुख्यतः जगते. पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असतात आणि त्यांच्यावर मेणाचा थर जवळपास नसतो. पेशीभित्तिकेवर ऋण भार असलेल्या असंख्य जागा असतात, त्यांना बंधजागा म्हणू. पाण्यात विरघळून आलेले धन भाराचे धातू-आयन (विद्युतभारित कण) तिथे धरले जातात. शिसे आणि तांबे यांची पकड घट्ट असते. जस्त आणि कॅडमियम यांची त्या मानाने सैल. शिवाय बारीक पानांच्या दाटीत धुळीचे कण नुसते अडकूनही बसतात. म्हणजे एका चिमुकल्या वनस्पतीत दोन गाळण्या आहेत, एक रासायनिक आणि एक साधी केराची.

स्वीडनमधील ओके रूलिंग आणि गेर्मुंड तुलर यांनी १९६८ च्या सुमारास या गुणाचा पद्धतशीर उपयोग केला. त्यांनी वनस्पतिसंग्रहांतील जुने, वाळवून जपलेले मॉसचे नमुने काढून त्यांतील शिसे मोजले, तेव्हा ते दोन टप्प्यांत वाढलेले दिसले: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळशाच्या वापराबरोबर, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शिसेयुक्त पेट्रोलबरोबर. पुण्यातही जुने वनस्पतिसंग्रह आहेत आणि हे वाचल्यावर तिथे धाव घेण्याचा मोह प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला होतो, मलाही झाला होता. जाता जाता एक सावधगिरी सांगतो. कीड लागू नये म्हणून जुन्या नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचे संयुग लावण्याची प्रथा होती, त्यामुळे अशा नमुन्यात पारा मोजण्याच्या भानगडीत पडू नये.

पुढे १९९० पासून युरोपात दर पाच वर्षांनी अनेक देश मिळून मॉसची पाहणी करू लागले. तिथल्या जंगलांत जमिनीवर गालिच्यासारखे पसरणारे हायलोकोमियम स्प्लेंडेन्स हे मॉस दरवर्षी आदल्या वर्षाच्या वाढीवर एक नवी पायरी चढवते. पायऱ्या मोजून मागच्या तीन वर्षांची वाढ कापून घेता येते, म्हणजे साठलेला धातू किती काळातला आहे हे ठाऊक असते. पद्धतीचा सगळा डोलारा या एका सोयीवर उभा आहे, आणि आपल्या कुंपणभिंतीवर नेमकी तीच सोय नाही.

पुण्यात भिंतींवर सर्वाधिक दिसते ते हायोफिला इनव्होल्यूटा. जेमतेम सेंटिमीटरभर उंचीचे, दाट गादीसारखे वाढणारे. जूनअखेर ते हिरवे होते आणि पाऊस सरल्यावर, साधारण दिवाळीनंतर, पानांच्या कडा आत वळवून तपकिरी होऊन बसते. मार्चमध्ये मेल्यासारखे दिसणाऱ्या त्या गादीवर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडून भिंगातून पाहावे: मिनिटाभरात पाने उलगडतात आणि हिरवा रंग परत येतो. हे दृश्य मी कितीदा पाहिले असेन, पण कंटाळा आलेला नाही. मापनाच्या दृष्टीने मात्र ही अडचणच आहे. या गादीचे वय कळत नाही. ती या पावसाळ्यातली आहे की सहा वर्षांपूर्वीची, हे पाहून सांगता येत नाही. वर्षातले सात-आठ महिने ती कोरडी असते, त्यामुळे आयन धरण्याचे काम जवळपास बंद आणि नुसती धूळ साठवणे चालू. त्यात गादीच्या बुडाशी माती, सिमेंटची भुकटी आणि जुना चुना घट्ट चिकटलेला असतो. तो पूर्ण काढू गेल्यास मॉसच हाती राहत नाही.

भिंतीचा स्वतःचा हिशेब आणखी वेगळा असतो. सिमेंटमधून झिरपणारे कॅल्शियम मॉसच्या बंधजागा आधीच व्यापून टाकते, त्यामुळे त्याच हवेत दगडावर वाढलेले मॉस आणि सिमेंटवर वाढलेले मॉस सारखे आकडे देत नाहीत. भिंतीच्या माथ्यावर लोखंडी ग्रिल असेल तर तिच्या रंगातील धातू पावसाबरोबर खाली ओघळतात. शेजारच्या शेडचे पत्रे जस्ताचा मुलामा दिलेले असतील आणि त्यांचे पागोळ्यांचे पाणी भिंतीवर पडत असेल, तर जस्ताचा आकडा आभाळाला भिडणार, आणि त्यात हवेचा काहीही संबंध नसणार. आपण पाठवलेल्या वर्णनात भिंतीवर हिरवी जाळी आणि पलीकडे पत्र्याची शेड आहे, असे आहे. एवढे वाचल्यावर हे मॉस प्रयोगशाळेत पाठवू नका, असे मी स्पष्टच सांगेन.

इथवरचा मुद्दा असा की, मॉस ही पद्धत चांगली आहे, भोसरीची भिंत तिला लायक नाही, आणि नातीचे उत्तर रक्ततपासणीत आहे. मग उरतो तो मार्ग म्हणजे मॉस आपण न्यायचे, हवे तिथे टांगायचे, ठरलेल्या दिवशी उतरवायचे. गुडमन आणि रॉबर्ट्स यांनी वेल्समधील स्वान्झीच्या परिसरात धातुउद्योगांभोवती अशा मॉसच्या पिशव्या टांगल्या आणि १९७१ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. पुण्यासारख्या कोरड्या शहरात मला ही रीत अधिक पटते, कारण तिच्यात काळ आपल्या हातात राहतो, सगळीकडे एकच मॉस वापरले जाते आणि भिंत मध्ये येत नाही.

त्यासाठी वापरतात ते स्फॅग्नम. हे पुण्यात उगवत नाही, पण डाळिंबाची किंवा पेरूची गुटी बांधणारा कोणताही माळी ते ओळखतो. रोपवाटिकांत वाळलेले मिळते. त्याच्या पानांत मोकळ्या, छिद्रे असलेल्या पेशी असतात आणि बंधजागाही भरपूर असतात. ते जिवंत असण्याची गरज नाही, उलट मेलेलेच बरे, कारण मग वाढ, सुकणे, झाडाची प्रकृती हे प्रश्न उरत नाहीत. शेंड्याकडचा तीन-चार सेंटिमीटरचा भाग निवडावा, काड्या-कचरा वेचून काढावा, शुद्ध पाण्याने अनेकदा धुवावा आणि आधीचे धातू निघून जावेत म्हणून प्रयोगशाळेत सौम्य आम्लाने किंवा ईडीटीए या धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने धुऊन पुन्हा शुद्ध पाण्याने निथळून घ्यावा. त्यानंतर ओव्हनमध्ये टप्प्याटप्प्याने १०० अंश सेल्सिअसच्या पुढे नेऊन वाळवावा. शेवटी सगळा माल एकत्र करून हाताने नीट कालवावा. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळली जाते आणि मग दोन पिशव्यांतला फरक हवेचा की मॉसचा, हे ठरवता येत नाही.

दोन-तीन ग्रॅम मॉस नायलॉनच्या, साधारण दोन मिलिमीटर भोकांच्या जाळीत सैलसर भरायचे. दाबून भरले तर आतल्या मॉसला हवाच लागत नाही. हातमोजे पावडर नसलेले, चिमटा प्लास्टिकचा, बांधायला नायलॉनचा दोरा. रबरबँड चालत नाही, कारण रबर घट्ट करण्याच्या प्रक्रियेत झिंक ऑक्साइड वापरलेले असते. ही अक्कल मला वाचून आलेली नाही. सुरुवातीच्या एका कामात आम्ही पिशव्या घराघरांत मिळणाऱ्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारेने टांगल्या होत्या. दोन महिन्यांनी सर्व ठिकाणी जस्त भरपूर निघाले आणि आम्ही ते टायरच्या झिजेचे म्हणून हौसेने नकाशावर चढवले. टायरमधून जस्त येते हे खरेच आहे, त्यामुळे शंकाही आली नाही. टेकडीवर टांगलेल्या, रस्त्यापासून दूरच्या पिशवीतही तेवढेच जस्त आहे, हे एका विद्यार्थिनीने दाखवून दिले तेव्हा लक्ष तारेकडे गेले. सगळा जस्ताचा रकाना रद्द करावा लागला. दुसऱ्या एका खेपेस वाळलेले मॉस घरच्या मिक्सरमधून बारीक करून आणले गेले. त्या वर्षी क्रोमियम आणि निकेल यांचे जे आकडे आले ते स्टीलच्या पात्याचे होते. तेव्हापासून आमच्याकडे अकीकाचा, म्हणजे कठीण दगडाचा, खल आहे आणि तो कुलपात असतो.

पिशव्या तीन-चार मीटर उंचीवर टांगाव्यात, म्हणजे पावसाचे शिंतोडे, झाडूची धूळ आणि उत्सुक हात यांच्यापासून त्या लांब राहतात. झाडाखाली टांगू नयेत, कारण पानांवरून गळणाऱ्या पाण्यात मँगनीजसारखे धातू झाडाकडून येतात. वर पत्रा नको, शेजारी एसीचे बाहेरचे युनिट नको, बाजूला गॅल्व्हनाइज्ड पाइप नको. प्रत्येक ठिकाणी किमान तीन पिशव्या हव्यात, कारण एखादी कावळा नेतो. माणसेही नेतात. अमावास्येच्या सुमारास एका सोसायटीच्या रखवालदाराने आमच्या तिन्ही पिशव्या काढून चौकात नेऊन टाकल्या होत्या. काळ्या जाळीत बांधलेले वाळके काहीतरी गच्चीच्या कोपऱ्यांत टांगलेले पाहून त्याला दुसरे काय वाटणार? त्यानंतर पांढरी जाळी आणि मराठीत लिहिलेली चिठ्ठी, हा नियम झाला.

जागा कशा निवडाव्यात, हे आपल्याला काय सिद्ध करायचे आहे त्यावर अवलंबून आहे. आपली शंका एका विशिष्ट बाजूबद्दल आहे, म्हणून एक पिशवीसमूह भिंतीला लागून, पुढचे वर्कशॉपपासून दूर-दूर जात तीन-चार अंतरांवर, एक सोसायटीच्या विरुद्ध बाजूला आणि एक मोठ्या रस्त्यालगत असावा. रस्त्यालगतचा अवश्य ठेवावा, नाहीतर वाहनांचा वाटा वर्कशॉपच्या माथी मारला जातो. शहराबाहेरचा एक संदर्भ हवा; सिंहगड अनेकांना सुचतो, पण सुटीच्या दिवशी तिथल्या गाड्यांची रांग पाहिली की तो विचार सोडून द्यावासा वाटतो. मुळशी-ताम्हिणीच्या बाजूस, रस्त्यापासून आत, बरे ठिकाण मिळते, मात्र फक्त कोरड्या ऋतूत; पावसाळ्यात तिथे पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो आणि मॉस अक्षरशः धुऊन निघते. याशिवाय चार-पाच पिशव्या टांगायच्याच नाहीत. त्या हवाबंद डब्यात ठेवून शेवटी बाकीच्यांबरोबर मोजायच्या.

काळाबद्दल माझे मत ठाम आहे. पुण्यात पावसाळ्यात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो आणि पाऊस हवा धुऊन टाकतो. हिवाळ्याच्या रात्री वारा पडतो, थंड हवा खाली बसते आणि धूर शहरावरच रेंगाळतो. लहान वर्कशॉपचा प्रभाव पकडायचा तर दिवाळीनंतर आठवडाभराने पिशव्या टांगून आठ ते दहा आठवड्यांनी उतरवाव्यात. दिवाळीत टांगल्यास फटाक्यांतील बेरियम, स्ट्रॉन्शियम, तांबे आणि ॲल्युमिनियम यांनी हिशेब बिघडतो, आणि ॲल्युमिनियम बिघडले की पुढची सगळी गणितेच बिघडतात. ती का, ते आता सांगतो, कारण पुण्यात आकडे चुकीचे वाचले जाण्याचे सर्वांत मोठे कारण तिथेच आहे.

मॉसमध्ये सापडलेला धातू दोन वाटांनी आलेला असतो: माणसाच्या उद्योगातून आणि उडणाऱ्या मातीतून. मातीचा वाटा काढून टाकण्यासाठी ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमसारखा प्रामुख्याने मातीतूनच येणारा घटक प्रमाण मानतात. मॉसमधील धातूचे त्या घटकाशी असलेले गुणोत्तर, मातीतील त्याच गुणोत्तराच्या किती पट आहे, हे पाहतात. एकाच्या आसपास आले तर धातू मातीचा. दहाच्या पुढे गेले तर बाहेरून आलेला असण्याची शक्यता दाट. पण ही माती कोणती? बहुतेक जण पुस्तकातील भूकवचाची जागतिक सरासरी घेतात. आपण बसलो आहोत दख्खनच्या काळ्या पाषाणावर, आणि त्याची घडण त्या सरासरीसारखी नाही. जागतिक सरासरीत तांबे किलोमागे तीसेक मिलिग्रॅमच्या आत-बाहेर असते, तर आपल्या बेसॉल्टमध्ये ते शंभर-दोनशेपर्यंत सहज असते. लोह, टायटॅनियम, व्हॅनेडियम हेही अधिक. उलट शिसे फारच कमी, किलोमागे काही मिलिग्रॅम.

याचा परिणाम दुहेरी होतो. जागतिक सरासरीशी तुलना केली की रस्त्याच्या कडेची निव्वळ खडी-मुरुमाची धूळ तांब्याने प्रदूषित ठरते आणि कोणातरी बिचाऱ्या वर्कशॉपवाल्यावर बोट दाखवले जाते. त्याच वेळी शिशाची वाढ खरी आहे त्याहून कमी दिसते, कारण आपल्या मातीत मुळात शिसे किती कमी आहे हे गणितात आलेलेच नसते. म्हणजे ज्याला घाबरायचे त्याला आपण सोडतो आणि ज्याला सोडायचे त्याला धरतो. म्हणून मी प्रत्येक कामात त्याच परिसरातील, वर्दळीपासून दूरच्या जागेची माती घेतो आणि ती मॉसबरोबर, मॉसच्याच पद्धतीने विरघळवून मोजायला लावतो. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. मॉस सहसा नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांत विरघळवतात; त्यात मातीतील सिलिकेट खनिजे पुरती विरघळत नाहीत आणि ॲल्युमिनियम, टायटॅनियम, क्रोमियम यांचा काही भाग आतच राहतो. मॉस एका रीतीने आणि माती दुसऱ्या रीतीने विरघळवली तर गुणोत्तराला अर्थ उरत नाही.

धातूंच्या जोड्या पाहणेही उपयोगी पडते. तांब्याबरोबर अँटिमनी वाढलेले असेल तर ती बहुधा गाड्यांच्या ब्रेकची धूळ. क्रोमियम आणि निकेल माती वजा करूनही एकत्र उरले तर मुलामा देणाऱ्या किंवा स्टीलवर काम करणाऱ्या कारखान्यांचा विचार करावा. शिसे एकटेच वाढले तर जुन्या बॅटऱ्या वितळवण्यापासून शिसेमिश्रित पितळ-काशाच्या ओतकामापर्यंत शक्यता आहेत, आणि शिसेयुक्त पेट्रोल देशभर १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले असले तरी जुन्या रस्त्यांकडेच्या मातीत मुरलेले त्या काळातील शिसे अजूनही धुळीबरोबर वर येऊ शकते. एकट्या जस्तावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. कारण वर आले आहे.

प्रयोगशाळा निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात: शिसे आणि कॅडमियमसाठी आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट भट्टीचे, म्हणजे अत्यल्प धातू मोजणारे, यंत्र आहे का, नमुन्यांबरोबर कोरे नमुने (मॉस न घालता त्याच रीतीने तयार केलेले) आणि प्रमाणित, म्हणजे धातूंचे प्रमाण आधीच ठाऊक असलेले, मॉस मोजणार का (फिनलंडमध्ये तयार झालेले एम-२ आणि एम-३ हे या कामातले नेहमीचे संदर्भ आहेत), आणि त्यांचे आकडे अहवालात देणार का. एका खासगी प्रयोगशाळेने मला कोऱ्या नमुन्याचा आकडा ‘लागत नाही’ म्हणून दिला नव्हता. तो अहवाल मी कधीच वापरला नाही. हाती आलेल्या आकड्यातून न टांगलेल्या मॉसचा आकडा वजा करावा, आणि टांगलेल्या मॉसचा आकडा, न टांगलेल्यांची सरासरी अधिक त्यांच्या प्रमाणित विचलनाची (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याच्या मापाची) सुमारे दुप्पट, याच्या वर गेला तरच वाढ झाली असे म्हणावे.

एवढे करूनही मिळतो तो मॉसच्या वजनातील धातू, किलोमागे मिलिग्रॅममध्ये. आपल्या देशातील २००९ ची हवेची मानके घनमीटर हवेत मोजलेली आहेत: शिशासाठी वार्षिक ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिकसाठी ६ नॅनोग्रॅम, निकेलसाठी २० नॅनोग्रॅम. कॅडमियम त्या यादीत नाही. मॉसच्या आकड्यावरून घनमीटरचा आकडा काढून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला पैसे देऊ नयेत. मॉस दाखवते ते कुठे जास्त आणि कुठे कमी.

तेवढेही थोडे नसते. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात संशोधकांनी झाडांच्या खोडांवरचे मॉस ३४६ ठिकाणांहून गोळा केले आणि कॅडमियमचा नकाशा काढला. त्यात रंगीत काच बनवणाऱ्या दोन कारखान्यांभोवती ठळक डाग उमटले. तिथल्या पर्यावरण खात्याने त्यानंतर २०१५ मध्ये हवा मोजण्याचे यंत्र नेऊन बसवले, आणि २०१६ मध्ये ते प्रकरण गाजले. तोवर त्या कारखान्यांकडे कोणाचे लक्ष नव्हते, कारण शहरातील मोजकी यंत्रे दुसरीकडे होती. यंत्र महाग असते, ते चाळीस ठिकाणी बसत नाही, पिशवी बसते. आपल्याकडेही क्रम हाच ठेवावा. भिंतीलगतच्या पिशव्यांत शिसे किंवा कॅडमियम स्पष्टपणे जास्त असेल आणि अंतराबरोबर ते उतरत गेलेले दिसले, तर तो नकाशा, तारखा आणि कोऱ्या नमुन्यांचे आकडे जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्या विशिष्ट जागी धूलिकणांचे नमुने घेऊन त्यांतील धातू मोजण्याची मागणी करावी. अर्जात कोणत्याही वर्कशॉपचे नाव घालू नये. मॉसने दिशा सांगितली आहे, मालक सांगितलेला नाही.

आणि प्रत्येक पिशवीतील निम्मे मॉस मोजायला न देता, ठिकाण व उतरवल्याची तारीख लिहून, हवाबंद पाकिटात बाजूला ठेवावे. विश्लेषणाला अर्धा ग्रॅमही पुरतो. निकाल कोणाला गैरसोयीचा वाटला की पहिली मागणी फेरमोजणीची येते, आणि त्या वेळी मूळ नमुना हाती नसेल तर पुढची दिवाळी होईपर्यंत थांबावे लागते.